हार्ट अटॅकनंतरच्या गोळ्या: 'चालू ठेवा' म्हणजे कुठवर?

टाचणी

डिस्चार्ज कार्डावर सात-आठ औषधं असतात आणि खाली एक ओळ: 'कंटिन्यू. फॉलोअप दोन आठवड्यांनी.' पहिले दोन-तीन महिने सगळं नीट चालतं. मग फॉलोअपचं अंतर वाढतं, डॉक्टर बदलतात, केमिस्ट जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या देत राहतो. वर्षा-दोन वर्षांनी पाहावं तर जी गोळी थांबवायची होती ती चालूच असते, नाहीतर जी कधीच थांबवायची नव्हती ती 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद झालेली असते.

माझं म्हणणं एवढंच, की घरातल्या तक्त्यावर प्रत्येक औषधापुढे 'किती वाजता' याखेरीज आणखी तीन गोष्टी हव्यात: कशासाठी, कधीपर्यंत, आणि बंद करायचं कुणी ठरवायचं.

चर्चेला एक सरधोपट नमुना देतो. अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलाय, हृदयाचं पंपिंग म्हणजे ईएफ ५०% च्या वर आहे, आधी कधी रक्तस्राव किंवा पक्षाघात नाही.

सकाळी उपाशीपोटी: पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर) एकत्र चालू आहेत तोवर जठराला संरक्षण.
नाश्त्यानंतर: टिकाग्रेलॉर ९०, मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५ किंवा ५०, रामिप्रिल (बीपी आणि हृदयासाठी) २.५ पासून वाढवत.
दुपारी जेवल्यावर: ॲस्पिरिन ७५. कायम.
रात्री: टिकाग्रेलॉर ९० पुन्हा (सकाळपासून बारा तासांनी), ॲटोर्वास्टॅटिन ४० किंवा ८०. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी ही गोळी) कायम, टिकाग्रेलॉर साधारण १२ महिने.
छातीत दुखलं तरच: आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ५, जिभेखाली.

यात काय राहिलं? आणि ईएफ चांगलं असताना मेटोप्रोलॉल खरंच जन्मभर लागतं का? (तक्ता चर्चेपुरता आहे, छापून फ्रीजला लावू नका. प्रत्येकाचा वेगळा असतो.)

रिकामटेकडा

चिठ्ठीवर १-०-१ असतं, तिसऱ्या महिन्यापासून पेशंट ०-०-० पाळतो. बाकी चालू द्या.

केमिस्टकाका

टाचणी, तक्ता ठीक आहे, पण दुकानात प्रत्यक्षात जाते ती कॅप्सूल. ॲस्पिरिन ७५ अधिक ॲटोर्वास्टॅटिन, किंवा त्यातच क्लोपिडोग्रेल ७५ (टिकाग्रेलॉरऐवजी दिली जाणारी रक्त पातळ करणारी गोळी) घालून तीन-इन-वन. सोय चांगली आहे. पण तिच्यात तीन घोळ हमखास होतात.

पहिला डोसचा. या कॅप्सूलमध्ये ॲटोर्वास्टॅटिन बहुतेक वेळा १० किंवा २० असतं. हॉस्पिटलने वेगळी ८० ची गोळी लिहिलेली असते, पुढे कुणीतरी 'गोळ्या कमी करू' म्हणून कॅप्सूलवर आणतो आणि स्टॅटिनचा डोस ८० वरून २० वर येतो. तो कमी करायचा असं कुणी ठरवलेलंच नसतं.

दुसरा दुबार औषधाचा. क्लोपिडोग्रेलच्या ब्रँडनंतर 'ए' असेल तर आत ॲस्पिरिन आहे. हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर ॲस्पिरिन वेगळं, फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'ए'वाली गोळी. दोन ब्रँड, दोन रंग, म्हणून घरच्यांना ती वेगळी औषधं वाटतात. ७५ चे १५० होतात, फायदा वाढत नाही, पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. टिकाग्रेलॉर चालू असेल तर आणखी वाईट, कारण त्याच्यासोबत ॲस्पिरिन रोज १०० च्या वर गेलं की टिकाग्रेलॉरचाच फायदा घटतो.

तिसरा सगळ्यात घातक, तो वर्षाने होतो. डॉक्टर म्हणतात, 'आता क्लोपिडोग्रेल बंद.' पेशंट तीन-इन-वन कॅप्सूल बंद करतो. म्हणजे ॲस्पिरिन आणि स्टॅटिनही त्याच दिवशी बंद. काहीही त्रास होत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय साधा: कॅप्सूल बंद होत असेल तर त्याच भेटीत उरलेल्या दोन औषधांची नवी चिठ्ठी घ्यायची, मिलिग्रॅमसकट. तक्त्यावर ब्रँडच्या खाली आतली सगळी औषधं लिहायची.

सांजवेळ

हा तिसरा घोळ कुठेच वाचला नव्हता. वाखूसा (वाचनखूण साठवली).

डॉ_निवांत

मेटोप्रोलॉलच्या प्रश्नावर. हृदयविकाराच्या झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर (मेटोप्रोलॉल याच गटातलं) द्यायचा हा नियम १९८० च्या दशकातल्या अभ्यासांवर उभा आहे. तेव्हा स्टेंट आणि स्टॅटिन सरसकट वापरात नव्हते. २०२४-२५ मध्ये हा नियम पुन्हा तपासला गेला.

२०२४ चा रिड्यूस-एएमआय अभ्यास: ईएफ ५० किंवा जास्त असलेले पाच हजारांवर रुग्ण. बीटा-ब्लॉकर दिला काय, न दिला काय, मृत्यू आणि पुन्हा येणारा झटका यांत फरक दिसला नाही. २०२५ चा रीबूट, स्पेन आणि इटलीतला, ईएफ ४० च्या वर: तिथेही फायदा नाही. पण त्याच वेळी आलेल्या नॉर्वे-डेन्मार्कच्या बेटामी-डॅनब्लॉकमध्ये थोडा फायदा निघाला, मुख्यतः पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी झालं. आणि २०२४ च्या फ्रान्समधल्या ॲबिस अभ्यासात आधीपासून चालू असलेला बीटा-ब्लॉकर बंद केलेल्या गटात हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण वाढलं, बीपी आणि नाडीही वाढली.

माझ्या मते याचा व्यवहारातला अर्थ असा. ईएफ ४० किंवा खाली: हात लावायचा नाही. ४१ ते ४९: चालू ठेवण्याकडे कल. ५० आणि वर, वर्ष उलटलंय, छातीत दुखत नाही, ठोके अनियमित नाहीत, बीपीसाठीही ती गोळी लागत नाही: तर बंद करायचं का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र एका दिवसात बंद नाही. अचानक थांबवलं की ठोके उसळतात, अंजायना (छातीतलं दुखणं) परत येतो. डोस निम्मा करून आठवडा-दोन आठवडे, मग बंद, आणि त्या काळात नाडी-बीपीची नोंद.

सांजवेळ

डॉक्टर, निम्मा करायचा म्हणजे गोळी मोडायची? एक्सएल लिहिलेली गोळी मोडू नये असं ऐकलंय.

केमिस्टकाका

मेटोप्रोलॉल सक्सिनेट एक्सएलच्या बऱ्याच गोळ्यांवर मधोमध रेघ असते. रेघ असेल तर रेघेवर अर्धी करता येते. चावायची, कुटायची किंवा पाण्यात विरघळवायची नाही. तसं केलं तर चोवीस तासांत हळूहळू सुटायचं औषध तासाभरात सुटतं, नाडी एकदम खाली जाते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. रेघ नसेल किंवा कॅप्सूल असेल तर कमी ताकदीची मागा, २५ आणि १२.५ दोन्ही मिळतात.

आणखी एक. सक्सिनेट आणि टार्ट्रेट यांत गल्लत नको. टार्ट्रेट साधी गोळी, दिवसातून दोनदा. सक्सिनेट एकदा. 'मेटोप्रोलॉल ५० द्या' एवढंच तोंडी सांगितलं की काउंटरवर गडबड होते. चिठ्ठी दाखवा.

बार्शीलाइट

बाकी सगळं मान्य, पण स्टॅटिनबद्दल माझं मत वेगळं आहे. रिपोर्टमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७८, लॅबने पुढे 'नॉर्मल' छापलंय. तरी ८० ची गोळी जन्मभर? अंगदुखी, लिव्हर, साखर सगळं बिघडवून? कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच की.

डॉ_निवांत

बार्शीलाइट, लॅबचा 'नॉर्मल' ज्याला झटका आलेला नाही त्याच्यासाठी आहे. झटका येऊन गेलेल्यासाठी युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी एलडीएलचं लक्ष्य ५५ च्या खाली, आणि मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी, असं ठेवलंय. दोन वर्षांत दुसरा झटका आला असेल तर ४० च्या खाली नेण्याचा विचार करा, असं म्हटलंय. तेव्हा ७८ म्हणजे काम अर्धवट. आणि ७८ आलेत ते गोळी चालू असताना. बंद केली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी.

थोडं गणित करू. मूळ एलडीएल १३०. ॲटोर्वास्टॅटिन ८० ने अंदाजे निम्मा, म्हणजे ६५. पुढे स्टॅटिन दुप्पट करून फार काही मिळत नाही, दर दुप्पटीला जेमतेम ६% उतार. त्याऐवजी इझेटिमाइब १० जोडली तर आणखी साधारण २०% उतरतं, ६५ चे ५२ होतात. एलडीएलची तपासणी गोळी सुरू केल्यापासून ४ ते ६ आठवड्यांनी, डोस बदलला की पुन्हा तेवढ्याच अंतराने, आकडा बसला की वर्षातून एकदा. एवढ्यानेही न उतरल्यास बेम्पेडोइक ॲसिडची गोळी किंवा पुढची इंजेक्शनं आहेत, ती महाग.

आता अंगदुखी. स्टॅटिनची खरी अंगदुखी सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या-खांदे-पोटऱ्या, आणि सुरू केल्यानंतर किंवा डोस वाढवल्यानंतर काही आठवड्यांत येते. एकाच गुडघ्याचं दुखणं स्टॅटिनचं नव्हे. शंका आली तर सीके (स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासायचं. सीके सामान्य मर्यादेच्या दहापट असेल किंवा दुखण्यासोबत लघवी कोलासारखी गडद होत असेल, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. नाहीतर डॉक्टरांना विचारून दोन-चार आठवडे विश्रांती, मग कमी डोस किंवा दुसरी स्टॅटिन. २०२० मध्ये लंडनला सॅमसन नावाचा छोटा पण नामी अभ्यास झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि काही महिने काहीच नाही, असं आळीपाळीने दिलं. स्टॅटिनवर जो त्रास झाला त्याचा ९०% पोकळ गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, पण तो बहुतांशी गोळीतल्या औषधाचा नव्हता.

लिव्हर: एंझाइम तिपटीच्या वर गेले तरच काळजी. साखर किंचित वाढते हे खरं, विशेषतः जे आधीच सीमेवर आहेत त्यांची. पण झटका आलेल्या माणसासाठी हा सौदा स्टॅटिनच्या बाजूनेच पडतो.

बार्शीलाइट

पोकळ गोळीचा मुद्दा नवीन आहे, वाचतो. एक शंका उरते: रात्रीच का घ्यायची?

डॉ_निवांत

ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ राहतात, कधीही घ्या. रात्रीचा नियम सिमवास्टॅटिनसारख्या जुन्या गोळ्यांचा. रात्री विसरत असाल तर सकाळी घ्या, फरक पडत नाही.

केमिस्टकाका

स्टॅटिनचा खरा धोका चिठ्ठ्यांच्या गर्दीत असतो. गजकर्णाचा हल्ली सुळसुळाट आहे आणि त्यावर इट्राकोनॅझोल महिना-महिना लिहिली जाते. ती ॲटोर्वास्टॅटिनची रक्तातली पातळी चढवते, टिकाग्रेलॉरचीही. पहिल्याने स्नायू धोक्यात, दुसऱ्याने रक्तस्राव. शिवाय इट्राकोनॅझोल स्वतःच कमकुवत हृदयाला चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही त्याच जातीचं. त्वचारोगतज्ज्ञ असो की कान-नाक-घसावाले, पहिलं वाक्य एकच: 'स्टेंट आहे, ही गोळ्यांची यादी.'

दातपाडे

केमिस्टकाकांच्या यादीत दाताचा डॉक्टरही घाला. 'दात काढायचाय, पाच दिवस गोळ्या बंद करून या' असा सल्ला अजूनही दिला जातो. एक-दोन दात काढण्यासाठी ॲस्पिरिन थांबवायची गरज नसते, आणि दोन्ही गोळ्या चालू असतानाही दात काढता येतो. सकाळची वेळ घ्यायची, एका वेळी थोडे दात, टाके, जागेवर रक्त गोठवणारा स्पंज, गॉज तीस मिनिटं दाबून धरायचा, लागलं तर ट्रॅनेक्झामिक ॲसिडने गुळणी. चोवीस तास खळखळून चूळ नाही, गरम खाणं नाही. रक्त थोडा वेळ झिरपतं, पण ते दाबून थांबतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती दाबून थांबत नाही.

इम्प्लांट, हिरड्यांची मोठी शस्त्रक्रिया असली टाळता येणारी कामं मात्र स्टेंटनंतर निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर पुढे ढकला.

आजोळ

मोतीबिंदूचं काय? आणि हर्निया वगैरे?

डॉ_निवांत

मोतीबिंदूला सहसा काहीच थांबवावं लागत नाही. मोठी शस्त्रक्रिया असेल तर क्लोपिडोग्रेल ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस, टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच. पण हा निर्णय सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा. पेशंटने निरोप्या व्हायचं नाही.

कोकमकढी

वेदनाशामकांवर अजून कुणी बोललं नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब: झटक्यानंतर ही सगळी टाळायची. ती बीपी चढवतात, किडनीवर ताण आणतात, दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला पोटात रक्तस्राव घडवतात आणि पुन्हा झटक्याचा धोकाही वाढवतात. आयब्युप्रोफेनची आणखी एक खोड आहे: ॲस्पिरिनला प्लेटलेटवर जिथे बसायचं असतं ती जागा हे आधी अडवतं, म्हणजे ॲस्पिरिन घेऊन न घेतल्यासारखं. कंबरदुखीला गावातल्या दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते बहुधा डायक्लोफेनॅक असतं, विचारल्याशिवाय टोचून घेऊ नका. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० चालतं, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन असतं, तेही बीपी वाढवतं.

आजोळ

उपवासाचं विचारू का? एकादशीला ज्येष्ठ मंडळी 'आज गोळ्या पण नको' म्हणतात. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं.

रिकामटेकडा

गोळीने उपवास मोडत नाही हो. गोळीनंतरच्या बटाटावड्याने मोडतो.

कोकमकढी

आजोळ, फराळ करूनच गोळी. ॲस्पिरिन रिकाम्या पोटी नको, दूध-केळं-राजगिऱ्याचा लाडू काहीही चालेल. संकष्टीला दुपारचं ॲस्पिरिन रात्री जेवणानंतर घेतलं तर बिघडत नाही, ते दिवसातून एकदा हवं एवढंच. टिकाग्रेलॉरचं तसं नाही, बारा तासांनी त्याचा परिणाम उतरू लागतो. त्याला अन्न लागत नाही, दोन्ही वेळा पाण्यासोबत घ्यायचीच. निर्जळी उपवास पहिल्या वर्षात तरी नकोच. आणि वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, तळलेलं साबुदाण्याचं काहीबाही एकाच दिवसात झालं की साखर, मीठ नि तेल यांचा हिशोब मधुमेह्याने वेगळा करावा.

लेस्टरकर

इंग्लंडात रामिप्रिलसारखी गोळी सुरू केली किंवा वाढवली की एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासतात. भारतातल्या नातेवाइकांच्या फायली पाहिल्या तर ही तपासणी अनेकदा झालेलीच नसते. क्रिएटिनिन ३०% पर्यंत वाढलं तरी चालवून घेतात, त्याहून जास्त वाढलं तर कारण शोधतात. पोटॅशियमच्या बाबतीत 'लो सोडियम' मीठ ही लपलेली अडचण आहे. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, जोडीला स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, वर हे मीठ आणि रोज शहाळं: पोटॅशियम धोकादायक वर जाऊ शकतं. साधं मीठ कमी घालणं बरं.

दुसरं, इथे आजारी दिवसांचे नियम म्हणून एक कार्ड मिळतं. जुलाब-उलट्या किंवा ताप येऊन अंगातलं पाणी कमी झालं तर रामिप्रिल, लघवीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, नीट खाणं-पिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा. ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर, स्टॅटिन, बीटा-ब्लॉकर या यादीत नाहीत, त्या चालूच.

डॉ_निवांत

लेस्टरकरांशी सहमत. आषाढी वारीला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावंच: घाम, जुलाब आणि जोडीला लघवीची गोळी हे मिश्रण माणसाला वाटेत आडवं करतं. निघण्याआधी डॉक्टरांकडून 'काय थांबवायचं' हे लिहून घ्यावं.

रामिप्रिलने कोरडा खोकला आला तर टेल्मिसार्टनकडे बदलतात. खोकला जायला कधी कधी महिना लागतो, तोवर कफ सिरपच्या बाटल्या संपवू नयेत. पण ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर तो खोकल्याचा मामला नाही: गोळी बंद आणि थेट हॉस्पिटल.

टाचणी

टिकाग्रेलॉरने दम लागतो म्हणतात. तो हृदयाचा की गोळीचा, हे घरी कसं ओळखायचं?

डॉ_निवांत

टिकाग्रेलॉर आणि क्लोपिडोग्रेलची तुलना करणाऱ्या प्लेटो अभ्यासात टिकाग्रेलॉरवर १०० पैकी सुमारे १४ जणांना दम लागला होता, क्लोपिडोग्रेलवर सुमारे ८ जणांना. गोळीचा दम बसल्या-बसल्याही जाणवतो, 'पूर्ण श्वास घेतला नाही' असा, पहिल्या काही दिवसांत सुरू होतो, ऑक्सिजन नॉर्मल असतो, बऱ्याचदा आपोआप कमी होतो. आडवं झाल्यावर वाढणारा दम, पायाला सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं: हे हृदयाचं, त्याच दिवशी दाखवा. फरक नक्की कळत नसेल तरी दाखवाच. घरच्या घरी गोळी बंद करणं हा पर्याय नाही. डॉक्टर क्लोपिडोग्रेलवर बदलू शकतात, पण तो बदल कधी, किती डोसने, हे ठरवूनच होतो.

तीन अपवाद टाचणींच्या तक्त्यात घाला. प्रासुग्रेल असेल तर वजन ६० किलोच्या खाली किंवा वय ७५ च्या वर असताना १० ऐवजी ५, आणि पूर्वी पक्षाघात झाला असेल तर अजिबात नाही. ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असून अपिक्साबॅनसारखी रक्त गोठू न देणारी गोळी लागत असेल तर 'ॲस्पिरिन कायम' हे वाक्यच लागू नाही: ॲस्पिरिन थोडेच दिवस, मग अपिक्साबॅन आणि क्लोपिडोग्रेल, वर्षानंतर बहुधा एकटं अपिक्साबॅन. आणि ईएफ ४० च्या खाली असेल तर तक्ता पूर्ण वेगळा, त्यात आणखी दोन-तीन औषधं येतात.

सांजवेळ

पॅन्टोप्राझोलऐवजी घरात ओमेप्राझोल आहे, ते चालेल?

केमिस्टकाका

क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल नको. क्लोपिडोग्रेल लिव्हरमध्ये ज्या एंझाइमने कामाला लागतं तेच एंझाइम ही दोन्ही अडवतात. पॅन्टोप्राझोल घ्या. आणि डॉम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूल 'गॅससाठी' सरसकट मागू नका. हृदयरोग्यात डॉम्पेरिडोन ठोक्यांची लय बिघडवू शकतं, ते महिनोन्महिने घ्यायचं औषध नाही.

स्ट्रिपचं गणितही सांगून ठेवतो. ॲस्पिरिन बहुधा १४ ची, टिकाग्रेलॉर १४ ची, ॲटोर्वास्टॅटिन १० किंवा १५ ची, मेटोप्रोलॉल आणखी वेगळी. त्यामुळे प्रत्येक गोळी वेगळ्या दिवशी संपते आणि कुठली ना कुठली दोन-तीन दिवस राहून जाते. एकदा सगळ्या मोजा, एका तारखेला आणा, हाताशी सात दिवसांचा साठा कायम. स्ट्रिप कापून डबीत भरताना नाव आणि मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत जपा. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. गोळी एक दिवसाआड घेऊन पैसे वाचवण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

रिकामटेकडा

एवढा लांब धागा झाला आणि जो प्रश्न प्रत्येकाच्या मनात आहे तो कुणी विचारला नाही. मी विचारतो, मित्रासाठी. निळी गोळी?

डॉ_निवांत

मित्राला सांगा, चांगला प्रश्न आहे. प्रकृती स्थिर असेल, दोन जिने दम न लागता चढता येत असतील तर डॉक्टरांना विचारून चालते. पण नायट्रेटसोबत (जिभेखालची आयसोसॉर्बाइड त्यातलीच) कधीच नाही, बीपी कोसळतं. सिल्डेनाफिल (हीच निळी गोळी) घेतल्यावर २४ तास आणि त्याच कामाची टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास जिभेखालची गोळी ठेवायची नाही. त्या काळात छातीत दुखलं तर १०८ ला फोन, आणि आल्या आल्या हे सांगायचं. लाजून लपवणाऱ्यांचाच यात घात होतो.

जिभेखालच्या गोळीची पद्धतही इथेच सांगतो: आधी खाली बसायचं, उभ्याने नाही. एक गोळी जिभेखाली, गिळायची नाही. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८. 'आणखी एक घेऊन बघू' करत तास घालवायचा नाही. रोजचं आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट दोनदा असेल तर सकाळी आठ आणि दुपारी दोन-तीन, सकाळ-रात्र नव्हे. रात्री शरीराला नायट्रेटपासून सुट्टी मिळाली नाही तर औषध काम करेनासं होतं.

टाचणी

तक्ता सुधारतोय. टिकाग्रेलॉरपुढे स्टेंटची तारीख अधिक १२ महिने लिहिली. त्या तारखेला काही तपासणी करून थांबवायची, की सरळ थांबवायची?

डॉ_निवांत

त्या तारखेच्या महिनाभर आधी अपॉइंटमेंट घ्या, स्वतःहून थांबवू नका. ठरवण्यासाठी खास अँजिओग्राफी लागत नाही. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, वर्षभरात कुठे रक्तस्राव झाला का, शौच काळी झाली का (लोहाच्या गोळीनेही होते), स्टेंट किती आणि कुठे, मधुमेह आहे का, यावर ठरतं. बहुतेकांत एकटं ॲस्पिरिन उरतं. काहींत ॲस्पिरिनऐवजी एकटं क्लोपिडोग्रेल. पुन्हा झटक्याचा धोका जास्त आणि रक्तस्रावाचा कमी असेल तर टिकाग्रेलॉर ६० दिवसातून दोनदा पुढे चालवतात, २०१५ च्या पेगॅसस अभ्यासानंतर हा पर्याय आला. ९० ची जुनी गोळी तशीच ओढत राहणं मात्र यात बसत नाही.

सांजवेळ

आणि मग पॅन्टोप्राझोल? तीही त्याच दिवशी?

केमिस्टकाका

तीही विचारून. वय ६५ च्या वर, पूर्वी अल्सर, किंवा स्टेरॉइड चालू असेल तर एकट्या ॲस्पिरिनसोबतही ती ठेवतात. बाकीच्यांत बंद करता येते. वर्षभर घेतलेली असते, त्यामुळे एकदम थांबवली की दोन आठवडे ॲसिडिटी आधीपेक्षा जास्त उसळते आणि लोक 'मला हिच्याशिवाय जमत नाही' म्हणून परत सुरू करतात. ४० ची २० करा, मग एक दिवसाआड, मग बंद. वर्षानुवर्षं चालूच ठेवायची ठरली तर अधूनमधून बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासा, शाकाहारी मंडळींनी विशेषकरून.